फर्म्याची त्रिज्या

जॉबची त्रिज्या ५०० हवी असेल, तर फर्म्याची ५०० ठेवून चालत नाही. हे एक वाक्य शिकायला मला एक फर्मा वाया घालवावा लागला.

*

भोसरी एमआयडीसीतली शेड. डिप्लोमा संपवून मी नुकताच लागलो होतो. काम कमानीच्या खिडकीचं होतं: अ‍ॅल्युमिनियमचा पोकळ सेक्शन, उंची ५० मिलिमीटर, ड्रॉइंगवर त्रिज्या ५०० मिलिमीटर. मी जाड प्लेटमधून बरोबर ५००चा फर्मा कापून घेतला, सेक्शनच्या मापाची खाच काढली, कडा पॉलिश केल्या. पहिला नग फर्म्याला चपखल बसला. क्लॅम्प सैल केला, आणि तो डोळ्यांदेखत उघडला.

टूलरूमचे काका शेजारी उभे होते. म्हणाले, "साहेब, फर्मा अगदी ड्रॉइंगबरहुकूम झालाय. म्हणून तर जॉब चुकला."

*

काकांनी ६०० मिलिमीटरची जीवा धरली आणि मधली उंची मोजली. १०० यायला हवी होती, ९१ आली. मग खडूने फरशीवर हिशेब मांडला: निम्म्या जीवेचा वर्ग, भागिले उंची, अधिक उंची. व्यास निघाला १०८०. म्हणजे त्रिज्या ५४०.

हा नियम भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे, ग्रंथ ११५० सालचा. मधल्या उंचीला तिथे शर म्हटलं आहे, धनुष्याच्या दोरीवर चढवलेला बाण. काकांनी ‘लीलावती’ वाचलेली नव्हती. नियम त्यांच्या हातात होता. ज्ञान टिकलं की नाही हे ग्रंथालयात जितकं कळतं, तितकंच खडूने माखलेल्या फरशीवर कळतं.

*

प्रत्येक वाकण्यात दोन वाकणी असतात: एक परत जाणारी, एक राहणारी. दाब असेपर्यंत दोन्ही एकच दिसतात. दाब काढला की पहिली निघून जाते. गिऱ्हाइकाला विकता येते ती फक्त दुसरी.

*

हाताला हलकं लागतं ते वळवायला सोपं असेल, असा आपला समज असतो. अ‍ॅल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. पण त्याचा ताठरपणाही एक तृतीयांशच आहे: पोलादाचा सुमारे २०० गिगापास्कल, याचा सुमारे ७०. तेवढ्याच ताणाखाली ते तिप्पट लवतं, आणि जेवढं लवलं तेवढं परत जातं. हलकेपणाची किंमत ते इथे वसूल करतं.

*

बांधकामाच्या सेक्शनमध्ये जास्त चालते ती ६०६३ ही जात. मॅग्नेशियम आणि सिलिकॉन, दोन्ही मिळून दीड टक्क्याच्या आत. बाकी जवळजवळ सगळं अ‍ॅल्युमिनियम.

आमच्या घरी या धातूला कुणी अ‍ॅल्युमिनियम म्हणत नसे. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा. जर्मनच्या पातेल्याला नुसत्या पडण्याने पोचा येई. तोच धातू इमारतीच्या विसाव्या मजल्यावर काच धरून वाऱ्याला तोंड देतो. मधलं अंतर त्या दीड टक्क्याचं आहे, आणि भट्टीचं.

*

त्याच ६०६३चे दोन सेक्शन घ्या. एक टी-४ अवस्थेतला, एक टी-६; कडकपणाच्या या अवस्थेला टेम्पर म्हणतात. वजन तेच, रंग तोच, माप तेच. पण टी-४ सुमारे ९० मेगापास्कलला नमतो, टी-६ सुमारे २१५ला. फरक भट्टीत काढलेल्या तासांचा: साधारण १७५ अंशांवर आठ तास.

माझ्या ५००च्या फर्म्यावर टी-६ उघडून ५४०वर गेला होता. टी-४ असता, तर हिशेबाने ५१५च्या आसपास थांबला असता. नव्वद अंश गुंडाळलेला सेक्शन टी-६मध्ये सातेक अंश गमावतो, टी-४मध्ये तीनेक. माल कोणत्या टेम्परचा हे न विचारता जो फर्मा काढायला बसतो, तो नाव न विचारता पत्र लिहायला बसलेला असतो.

*

यातून एक क्रम निघतो. माल टी-४मध्ये मागवावा, वाकवावा, आणि मग भट्टीत घालून कडक करावा. आधी आकार, नंतर बळ. उलट क्रमानेही काम होतं. पण मग फर्म्याची त्रिज्या जास्त आखूड, दाब जास्त, आणि तडा जाण्याची धास्ती प्रत्येक नगाला.

टी-४चा मालही एका जागी थांबत नाही. रॅकवर पडल्या पडल्या तो हळूहळू कडक होत राहतो. गेल्या आठवड्याचं सेटिंग पुढच्या महिन्यात तसंच लागू पडेल, असं धरून चालू नये.

*

लोहार कोयत्याला पाणी पाजतो आणि पोलाद त्या क्षणी कडक होतं. अ‍ॅल्युमिनियमच्या या जाती तापवून पाण्यात बुडवल्या, की त्या मऊ राहतात. कडकपणा नंतर येतो, कुणी हात न लावता.

हे १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांच्या लक्षात आलं. तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घातलेला नमुना तापवून थंड केला होता. शनिवारी काठिण्य मोजलं, सोमवारी पुन्हा मोजलं, तर ते वाढलेलं. सुट्टीत धातूचं काम चालू होतं. तो नेमकं काय करत होता, हे दिसायला पुढे तीस वर्षांहून अधिक काळ लागला. १९३८ साली फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्ष-किरणांच्या साहाय्याने मिश्रधातूच्या आत अणूंचे बारीक पुंजके जमलेले आढळले.

पोलादाला धक्का लागतो. अ‍ॅल्युमिनियमला अवधी लागतो.

*

तापवून मऊ करायचं, तर आणखी एक अडचण. लोखंड लाल होऊन सांगतं. अ‍ॅल्युमिनियम सांगत नाही. ते ६६० अंशांना वितळतं, आणि तोपर्यंत उजेडात त्याचा रंग पालटलेला दिसत नाही. जुने कारागीर त्यावर साबणाची वडी घासतात आणि लांबून ज्योत फिरवतात. साबणाची रेघ काळपट झाली, की ज्योत बाजूला.

जो धातू आपण होऊन बोलत नाही, त्याच्या अंगावर बोलणारं काहीतरी लावावं लागतं. सगळी मोजमापाची साधनं ही त्या साबणाचीच भावंडं.

*

वाकताना बाहेरची कड लांबते, आतली आखूड होते. मधे एक रेषा असते, जिला काही होत नाही. ५० मिलिमीटरचा सेक्शन मधल्या रेषेवर ५००ला वळवला, तर बाहेरच्या कडेला पाच टक्के ताण. २००ला वळवला, तर साडेबारा. टी-६मध्ये हा धातू साधारण बारा टक्क्यांना तुटतो. म्हणून २००चं ड्रॉइंग आलं की फर्मा काढायला घेऊ नये, फोन उचलावा.

*

बाहेरची कड फाटते तेव्हा आवाज येतो. आतली कड सुरकुतते तेव्हा येत नाही. आवाज न करणारा दोष गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत जातो.

*

पोकळ वस्तूला आकार द्यायचा, तर आधी तिची पोकळी भरावी लागते. भांड्यावर नक्षी ठोकणारे आत राळ भरतात. पाइप वळवणारे कोरडी वाळू ठासून दोन्ही टोकांना बुचं मारतात. कुठे ७० अंशांना वितळणारा मिश्रधातू ओततात. गरम पाण्यात धरला की तो वाहून जातो, पण त्यात शिसं आणि कॅडमियम असतं, म्हणून हाताळताना जपावं लागतं. वाळू ओली राहिली आणि वरून ज्योत लावली, तर आत वाफ कोंडते आणि बुच गोळीसारखं सुटतं. वाळू वाळवणं हे फुटकळ काम समजून नवख्यावर टाकू नये.

खिडकीच्या सेक्शनला पोकळ्या दोन-तीन असतात, आणि प्रत्येकीचा आकार वेगळा. तिथे प्रत्येक पोकळीसाठी वेगळी लवचिक भरणी करावी लागते: नायलॉनच्या पट्ट्या, किंवा एकमेकींवर सरकणाऱ्या पातळ पत्र्यांची चळत. ती सेक्शनबरोबर वाकते, भिंतींना आतून हात देते, आणि काम झालं की ओढून काढता येते. कमानीखालचं सेंटरिंग जसं कमान उभी राहिली की निघतं, तसंच.

जॉबमध्ये जे कधीच दिसणार नाही, ते बनवायला जॉबइतकीच अक्कल लागते.

*

चौकोनी नळी वाकते तेव्हा सरळ वाकते. एका बाजूने उघडा असलेला सेक्शन वाकता वाकता पिळला जातो. त्याच्या आकाराचा मध्य एकीकडे, आणि ज्या रेषेतून दाब दिला तर पीळ पडत नाही ती रेषा दुसरीकडे; त्या अंतराचा हा पीळ. फर्म्याची खाच त्याला तीन बाजूंनी धरून ठेवते ती यासाठी. खाच सैल असेल तर पीळ पडतो, आवळ असेल तर सेक्शन घासतो. मधे कागदाइतकी जागा असते, आणि टूलमेकरचं सगळं कौशल्य त्या जागेत राहतं.

काकांकडे आणखी एक उपाय होता. उघड्या बाजूचे दोन सेक्शन पाठीला पाठ लावून जोडीने रोलरमधून काढायचे. एक डावीकडे पिळू पाहतो, दुसरा उजवीकडे, आणि जोडी सरळ बाहेर येते.

*

अ‍ॅल्युमिनियम पोलादाला चिकटतं. दाबाखाली घासलं की त्याचे कण फर्म्यावर बसतात आणि पुढच्या नगाला ओरखडे काढतात. म्हणून फर्म्याला क्रोम चढवतात, नाहीतर तो अ‍ॅल्युमिनियम ब्राँझचा करतात; रोलर नायलॉनचे घेतात; तेल कंजुषी न करता लावतात. अ‍ॅनोडायझिंग वाकवल्यानंतर करतात, कारण तो थर धातूबरोबर ताणला जात नाही, त्याला बारीक चिरा पडतात.

दोन-चारच नग असतील आणि माल मऊ असेल, तर चांगल्या प्लायवूडचा फर्माही पुरतो. फर्मा भारी असावा असं नाही. तो त्या जॉबचा असावा.

*

फर्मा दर वेळी नवा का, असं मालक विचारतात. गोल पाइपची मापं ठरलेली आहेत, म्हणून त्याचे फर्मे तयार मिळतात. सेक्शनचं तसं नाही. १७९७ साली इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी शिशाची नळी दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. १८९४ साली अलेक्झांडर डिक यांनी तापवलेलं पितळ दाबून काढणारा प्रेस आणला. आज साडेचारशे-पाचशे अंशांना तापवलेला अ‍ॅल्युमिनियमचा बिलेट डायमधून हव्या त्या आकारात बाहेर येतो. खाच हवी, खाच घ्या. खोबण हवी, खोबण घ्या.

डायने दिलेलं हे स्वातंत्र्य फर्म्याच्या खात्यावर लिहिलं जातं. जितके आकार काढले, तितके फर्मे निराळे.

*

सर्वांत चांगली वाकणी ती, जी वाकवावी लागत नाही.

पुणे मेट्रोचे डबे अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. अशा डब्यांचे लांबलचक पोकळ सेक्शन डब्याच्या लांबीने जातात आणि छताची गोलाई सेक्शनच्या छेदातच असते. ती डायमध्ये कोरलेली असते, वळवलेली नसते. डिझायनरने सेक्शनची दिशा बदलली, की फर्म्याची गरजच संपते.

सायकलच्या रिमला ही सोय नाही. तिथे सरळ सेक्शनचं वर्तुळ करावंच लागतं. तो रोलरमधून स्प्रिंगसारख्या वेटोळ्यात काढतात, एकेका फेऱ्याला कापतात आणि टोकं जोडतात. आपल्यापैकी बहुतेकांनी वळवलेला अ‍ॅल्युमिनियम सेक्शन पहिल्यांदा हातात धरला असेल, तो चाकाचं पंक्चर काढताना.

कुठे वळवायचं आणि कुठे वळवणं टाळायचं, हे ड्रॉइंगच्या टेबलावर ठरतं. त्या टेबलाशी फर्मा काढणारा माणूस बसलेला असावा.

*

थोडा जास्त वाकला तर मागे करू, असं म्हणू नये. म्युनिकच्या योहान बाउशिंगर यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिलं, की एका दिशेला ताणून नमवलेला धातू उलट दिशेला आधीपेक्षा लवकर नमतो. म्हणजे परतीच्या वाटेवर आपला हिशेब लागू राहत नाही. चूक दुरुस्त करायला घेतलेला नग हा नवा जॉब असतो, आणि त्याच्यासाठी कुणी फर्मा काढलेला नसतो.

*

या सगळ्याचा माणसाच्या स्वभावाशी धागा जोडायचा मोह होतो. जोडत नाही. धातूबद्दल जे खरं आहे, ते धातूबद्दल खरं आहे एवढ्यानेच आदराला पात्र आहे. प्रत्येक वस्तूला उपमा करून टाकलं, की वस्तूकडे पाहणं थांबतं. आणि फर्मा काढणाऱ्याला पाहणं थांबवून परवडत नाही.

*

हिशेब माघारीचा, म्हणजे सेक्शन किती उघडेल त्याचा, अंदाज देतो. पण सेक्शनच्या भिंतीची जाडी लॉटगणिक किंचित बदलते, टेम्पर बदलतो, तेल बदलतं. म्हणून पहिला नग हा जॉब नसतो, प्रश्न असतो. तो मोजायचा, फर्मा घासायचा, पुन्हा एक वाकवायचा. ट्रायलचे तुकडे वाया गेले असं लिहिणाऱ्या हिशेबनिसाने एकदा शेडमध्ये येऊन उभं राहावं. त्या तुकड्यांची किंमत धातूच्या रकान्यात नाही, शिकण्याच्या रकान्यात आहे.

*

काकांनी माझा फर्मा टाकून दिला नाही. त्यांनी दुसरा काढला, ४६५चा. त्यावर सेक्शन वळवला, क्लॅम्प सोडला. सेक्शन पुन्हा उघडला, आणि यावेळी ५००वर येऊन थांबला. ६००च्या जीवेवर उंची १००.

मी फर्मा जॉबसारखा केला होता. काकांनी फर्मा जॉबपेक्षा वेगळा केला, आणि जॉब ड्रॉइंगसारखा झाला. हवं ते मिळवायला हवं त्याहून पुढे जावं लागतं, एवढं तर कुणीही सांगेल. किती पुढे, हे मोजून सांगणारा माणूस दुर्मीळ असतो. इथे तो आकडा ३५ मिलिमीटर होता.

*

काका निवृत्त झाले त्यानंतर रॅकवर दोनएकशे फर्मे राहिले. निम्म्यांवर काहीच लिहिलेलं नव्हतं. कोणता सेक्शन, कोणता टेम्पर, किती माघार, सगळं त्यांच्या डोक्यात होतं आणि त्यांच्याबरोबर घरी गेलं. दोष त्यांचा नव्हता. आम्ही कुणी विचारलं नव्हतं, आणि लिहून ठेवायला वेळ दिला नव्हता. शेड हलवली तेव्हा ते निनावी फर्मे भंगारवाल्याने किलोवर नेले. ज्या प्लेटमध्ये एका माणसाची कित्येक वर्षांची समजूत कोरलेली होती, तिला लोखंडाचा भाव मिळाला.

४६५चा तो फर्मा वाचला, कारण त्याच्या बाजूवर त्यांनी पंचाने तीन गोष्टी ठोकल्या होत्या: सेक्शनचा नंबर, टी-६, आणि ५००. ज्याला वाचता येतं, त्याला तेवढ्यात सगळं कळतं. मध्ये त्याच खिडकीचं काम पुन्हा आलं. शेडमधल्या नव्या मुलाने रॅकवरून तो फर्मा उचलला, ठोकलेलं वाचलं, टी-६चाच माल मागवला. पहिलाच नग बरोबर आला.

*

तुमच्या शेडमध्ये फर्मे असतील. त्यांतले काही तुम्हीच काढलेले असतील, काही तुमच्या आधीच्या कुणीतरी. ज्याने काढला तो अजून कामावर असेल, तर आज त्याच्याजवळ जाऊन विचारा: कोणता माल, कोणता टेम्पर, फर्मा किती आणि जॉब किती. मग पंच आणि हातोडी घ्या, आणि ते फर्म्यावरच ठोका. वहीवर नको, वही हरवते.